फ्लेमिंगो पाहायचे तर आधी तिथी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की ठाणे खाडीतल्या गुलाबी थव्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येतात आणि पुढच्याच रविवारी ऐरोलीला गाड्यांची रांग लागते. सावकाश नाश्ता करून निघालेली कुटुंबं बाराच्या सुमारास काठावर पोचतात. त्या दिवशी पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ असेल, तर समोर दिसतं ते तिवरांच्या कमरेपर्यंत चढलेलं करडं पाणी आणि एखाददुसरा बगळा. ‘फ्लेमिंगो गेले वाटतं’ म्हणत लोक माघारी फिरतात. पक्षी कुठेही गेलेले नसतात. त्यांची चरायची जागा त्या वेळी पाण्याखाली असते आणि ते पाणी ओसरायची वाट पाहत दुसरीकडे उभे असतात.

छायाचित्राखाली ठिकाण छापलं जातं, महिना छापला जातो. ज्या एका गोष्टीवर खाडीतलं सगळं चालतं, ती भरती-ओहोटीची वेळ आणि उंची मात्र सहसा नसते. या पत्राचं मुख्य कारण हेच. दुसरं कारण म्हणजे दुर्बीण घेऊन येणाऱ्यांबरोबर गळ घेऊन येणारी हौशी मंडळीही आता वाढली आहेत, आणि अभयारण्यात काय चालतं, काय नाही, याबद्दल दोघांचेही घोळ आहेत. या खाडीवर पोट असलेल्या कोळी बांधवांना त्याचा त्रास होतो आणि पक्ष्यांनाही.

आधी हद्द समजून घेऊ. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्यामधला, मुख्यतः पश्चिम काठाकडचा हा पट्टा सुमारे १,६९० हेक्टरचा आहे. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी व चिखल. २०२२ मध्ये ठाणे खाडीला ‘रामसर’ (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) दर्जा मिळाला, तो मात्र सुमारे ६,५२१ हेक्टरांना. ही दोन क्षेत्रं एकच नाहीत. रामसर यादीत नाव आलं म्हणजे मासेमारीला बंदी आली असं होत नाही. जागेचा जपून वापर करावा, एवढी ती बांधिलकी आहे. अभयारण्याच्या आत मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो, आणि तिथले नियम कडक आहेत. त्याबद्दल पुढे.

आता पाणी. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरती रोज सुमारे पाऊण तास ते पन्नास मिनिटं उशिरा येते. कोळीवाड्यात त्यासाठी तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता. द्वादशीला नऊ वाजता. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तिथी मध्यरात्री बदलत नसल्याने अर्ध्या तासाची चूक धरून चालावं. शिवाय छापील वेळा बहुधा दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदराच्या असतात आणि खाडीत आत जाल तसं पाणी मागाहून चढतं. तरीही घरबसल्या रविवार ठरवायला हा हिशेब पुरतो.

वेळेइतकीच उंची महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं: भरती साडेचार मीटरच्या आसपास किंवा वर, ओहोटी अर्ध्या मीटरच्या आसपास. सप्तमी-अष्टमी-नवमीला भांग: भरती सव्वातीन-साडेतीन मीटर, ओहोटी दीड-दोन मीटर. उधाणाच्या ओहोटीला चिखल इतका उघडा पडतो की थवे पाण्याच्या कडेने खाडीच्या मध्यापर्यंत जातात आणि काठावरून त्यांचे नुसते ठिपके दिसतात. होडीही तिथवर जात नाही. उधाणाच्या भरतीला चिखलच उरत नाही. म्हणजे ज्या दिवशी पंचांग बघायची लोकांना सवय आहे, नेमके तेच दिवस दुपारी बाराच्या सहलीला सगळ्यात वाईट. भांगाला ना पाणी पुरतं चढत, ना पुरतं उतरत. नवख्या माणसाला ते दिवस बरे, कारण चूक झाली तरी काहीतरी दिसतं.

त्यात उजेडाचा विचार मिळवायचा. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे. तिथून पाहताना सकाळी ऊन पाठीशी असतं आणि पक्षी उजळलेले दिसतात. दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि गुलाबी पक्षी काळ्या आकृत्या होऊन जातात. भांडुप उदंचन (पंपिंग) केंद्राची बाजू पश्चिम काठावर, तिथे उलट: दुपारी तीननंतरचा उजेड चांगला. म्हणून ऐरोलीसाठी दशमी ते द्वादशी धरावी. साडेसात ते नऊच्या दरम्यान भरती पूर्ण होते, होडीला पाणी मिळतं, आणि पुढच्या दीड-दोन तासांत पहिले चिखलाचे उंचवटे उघडे पडू लागले की विसाव्याला गेलेले थवे त्यांच्यावर उतरतात. भांडुपसाठी तृतीया-चतुर्थी: भरती सव्वादोन-तीनला, आणि साडेतीनपासून सूर्यास्तापर्यंत उतरतं पाणी. उतरत्या पाण्यावर पक्षी उपाशी असतात, एका जागी चरत राहतात आणि पाहणाऱ्याला स्वस्थपणे पाहता येतात. चढत्या पाण्यावर ते काठाकडे ढकलले जातात, जवळ येतात. पण दर दहा मिनिटांनी उठून मागे सरकतात. छायाचित्रकाराला चढतं पाणी आवडेल, निरीक्षकाला उतरतं.

पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात आणि पाऊस लागेपर्यंत राहतात. डिसेंबरात धावपळ करणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की फेब्रुवारी ते मे हा भर. मेच्या उन्हात सकाळी सातला गेलात तर गर्दीही नसते.

एक गोष्ट दुर्बिणीतून मुद्दाम बघावी. थव्यात फ्लेमिंगोच्या, म्हणजे रोहित पक्ष्याच्या, दोन जाती असतात. लहान रोहित संख्येने पुष्कळ जास्त. उंची ८०-९० सेंटिमीटर, चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. मोठा रोहित त्याच्या दीडपट उंच, अंगाने पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. दोघेही चोच उलटी करून पाण्यात घालतात, म्हणजे वरचा जबडा खाली येतो. जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढते आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीतून बाहेर फेकते. लहान रोहिताची झालर इतकी दाट की तिच्यात सूक्ष्म नीलहरित शेवाळ अडकतं. मोठ्याची विरळ; त्यात कोळंबीची पिल्लं, अळ्या, छोटे शंख अडकतात. म्हणून दोघे एकाच चिखलात शेजारी शेजारी चरतात आणि भांडत नाहीत. मोठा रोहित एका जागी पाय आपटत गोल फिरतो आणि मधला चिखल ढवळून खातो; पाणी गेल्यावर ताटाएवढी गोल कडी चिखलात उमटलेली राहतात. करडे-तपकिरी दिसणारे पक्षी आजारी नसतात, ती पिल्लं असतात. गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात.

फ्लेमिंगोंच्या नादात बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं, त्याचं वाईट वाटतं. शेकाट्या, उचाट्या, काळ्या शेपटीचा मालगुजा, तुतवार, चिखल्या, थापट्या बदक, कुरव, सुरय, चित्रबलाक हे सगळे त्याच चिखलावर असतात. यांच्यातले अनेक हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि त्यांचा अख्खा हिवाळा या चिखलातल्या किड्यांवर निघतो.

साधनांबद्दल थोडक्यात. होडीत ८×४२ची दुर्बीण घ्यावी. दहापट किंवा जास्त ताकदीची दुर्बीण हलत्या होडीत चित्र नाचवते. तिवईवरची मोठी दुर्बीण काठावर उत्तम, होडीत निरुपयोगी. कपडे मळकट रंगाचे, टोपी, पाणी. होडीची वेळ पाण्याप्रमाणे रोज बदलते, म्हणून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात आधी चौकशी करूनच निघावं. भांडुपच्या बाजूलाही प्रवेशाची चौकशी आधी करावी.

होडी कुठे थांबवायची हे थवाच सांगतो, तो वाचायला शिकलं पाहिजे. निवांत थव्यात जवळजवळ सगळी डोकी खाली असतात. होडी जवळ येते तशी कडेच्या पक्ष्यांची मान उभी होते. मग एकेक करत मधल्यांचीही डोकी वर येतात आणि सगळे एकाच दिशेने चालू लागतात. इथे इंजिन बंद व्हायला हवं. यापुढे पाच मीटर गेलात की पळापळ आणि मग उड्डाण. उड्डाणाचं छायाचित्र सुंदर येतं हे खरं, आणि त्यासाठी ‘अजून थोडी पुढे घ्या’ म्हणणारे प्रवासी प्रत्येक फेरीत निघतात. या पक्ष्यांना चिखल दिवसातून ठरावीक तासच मिळतो. एकदा उठवलं की ते उडण्यात ताकद घालवतात, बसायला नवी जागा शोधतात आणि तेवढा वेळ उपाशी राहतात. दिवसात पाच-सहा फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीने एकदा उठवलं, तर हिशेब पक्ष्याच्या अंगावर येतो. आमच्या मते शंभर मीटरच्या आत होडी नेऊच नये, आणि नावाड्याने ‘इथून पुढे नाही’ म्हटलं की प्रवाशाने हुज्जत घालू नये.

भरतीच्या वेळी हे थवे विसाव्याला जातात ते नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ तळ्यांवर. खाडी आणि तळी हे एकच घर आहे. एक जेवणाची खोली, एक झोपायची. तळ्यात खाडीचं पाणी आणणाऱ्या वाटा बुजल्या की पाणी साचून राहतं किंवा आटतं, आणि पक्ष्यांना भर भरतीला टेकायला जागा उरत नाही. २०२४च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तळ्याकाठी फ्लेमिंगो मेलेले आणि जखमी सापडले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकून तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. अभयारण्याची रेघ खाडीतच संपते, पक्ष्यांचा दिवस तिथे संपत नाही. या तळ्यांच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणं हे अभयारण्याच्या देखभालीचंच काम मानलं गेलं पाहिजे.

आता चिखल. तो दिसतो तसा नाही. वरून उन्हाने तडकलेला थर, खाली मांडीपर्यंत मऊ गाळ. तिवरांच्या श्वसनमुळांचे बोटाएवढे खुंट दिसतात तिथे जमीन जरा धरलेली असते, पण त्या खुंटांवर पाय देणं म्हणजे झाडाचं नाक दाबणं. उघड्या चिखलात उतरूच नये. तरी कोणी रुतलाच, तर पाय सरळ वर ओढू नये. तळव्याखाली पोकळी धरते आणि जितकं ओढाल तितकी ती खेचून ठेवते. वर दुसऱ्या पायावर भार येऊन तोही रुततो. मागे रेलून बसावं, अंगाचा भार पसरावा, घोटा गोल गोल हलवून कडेने पाणी-हवा आत जाऊ द्यावी आणि मग पाय तिरका काढावा. बूट गेला तर जाऊ द्यावा. कालवांनी भरलेल्या दगडांवर अनवाणी जाऊ नये; त्या कडा पात्यासारख्या कापतात आणि या पाण्यातली जखम लवकर पिकते.

पाणी चढताना फसगत होते ती अशी. सहा तासांत चार मीटर पाणी चढायचं असेल तर ते दर तासाला सारखं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर, दुसऱ्यात दुप्पट, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी मीटरभर. पहिला तास पाहून ‘अजून वेळ आहे’ म्हणणारा माणूस तिसऱ्या तासात अडकतो. त्यात चिखलाचा उतार इतका सपाट, की मीटरभर उंचीचं पाणी आडवं शेकडो मीटर धावत येतं. आणि ते समोरूनच येतं असं नाही, मागच्या नाळीतून आधी शिरतं. म्हणून ओहोटी पूर्ण होण्याच्या सुमारास काठाकडे परत फिरावं.

मासेमारीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. अभयारण्यात कोळी होड्या दिसतात, तेव्हा ‘त्यांना चालतं तर आम्हाला का नाही’ असा प्रश्न येतो. उत्तर स्पष्ट आहे. या काठाच्या कोळीवाड्यांची मासेमारी अभयारण्याच्या कितीतरी पिढ्या आधीची आहे, आणि अभयारण्य जाहीर करताना ती पारंपरिक मासेमारी बंद केलेली नाही. बाहेरून आलेल्याला तो हक्क नाही. कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेशच मर्यादित आहे. कलम २८ खाली परवाना मिळतो तो अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा कामांसाठी. आणि कलम २९ नुसार तिथून कोणताही वन्यजीव विनापरवाना नेता येत नाही. पर्यटनाचं तिकीट म्हणजे गळ टाकायचा परवाना नाही. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकणं कलम ३२ खाली सगळ्यांनाच बंद. हद्दीबाहेरही बरंचसं कांदळवन राखीव वन आहे, तिथे आपल्या मनाने शिरून गळ टाकता येत नाही. राहिलेल्या जागी, म्हणजे गावाच्या बंदरावर किंवा धक्क्यावर, बसायचं तर आधी तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारावं. कोणाचं बोकशी जाळं कुठे लागतं, होड्या कधी सुटतात, हे त्यांनाच माहीत.

कोळ्यांचं कामही पाण्यावरच बेतलेलं असतं. डोल आणि बोकशी ही खुंटांना बांधलेली पिशवीसारखी जाळी. पाण्याला ओढ असेल तरच त्यांची तोंडं उघडी राहतात आणि कोळंबी आत जाते. म्हणून त्यांचे कमाईचे दिवस उधाणाचे. भांगाला ओढ नसते, जाळं सैल लोंबतं. उधाणात पर्यटकांची होडी या खुंटांच्या रांगेतून गेली, तर पंख्यात दोर अडकतो, जाळं फाटतं आणि त्या पाण्याची कमाई जाते. लांबून नुसता खुंट किंवा तरंगता डबा दिसतो. त्याच्याखाली कोणाचं तरी जाळं आहे असंच धरून चालावं. पाग (फेकायचं जाळं) टाकणारा माणूस उथळ पाण्यात उभा असेल तर त्याच्या पुढून होडी नेऊ नये, मागून न्यावी; पुढची बोय मासळी एकदा उडाली की त्याचा अर्धा तास फुकट.

धक्क्यावर गरवायला बसणाऱ्यांसाठी एक कळकळीची विनंती आहे ती तंगुसाबद्दल, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीबद्दल. गळ तिवरात अडकतो, माणूस तंगूस तोडतो आणि नवा बांधतो. तुटलेला तो दोन-तीन हात नायलॉनचा धागा फांदीवर लोंबत राहतो. ओल्या फांदीवर तो दिसतसुद्धा नाही. रात्री ढोकरी (लहान बगळा) तिथे बसते, धागा पायाला किंवा पंखाला वेढतो, पक्षी झटापट करतो तसा तो आवळत जातो आणि हाडापर्यंत रुततो. धागा वर्षानुवर्षं कुजत नाही, त्यामुळे एका धाग्याचा एकच बळी असतो असंही नाही. यावर उपाय अवघड नाहीत. तिवरांच्या दिशेने गळ फेकू नये. मुख्य तंगुसापेक्षा गळाकडचा शेवटचा हातभर तुकडा कमी ताकदीचा बांधावा. अडकलाच तर तेवढाच तुटतो आणि बाकीचा धागा हातात परत येतो. गळाचा उलटा दात पक्कडीने दाबून टाकावा. मासा निसटेल अशी भीती वाटते, पण तंगूस ताणलेला ठेवला तर निसटत नाही. खराब तंगूस घरी नेऊन वीतभरापेक्षा लहान तुकडे करून मगच कचऱ्यात टाकावा. वजनाला शिसं वापरू नये. चिखल गाळून खाणारे पक्षी शिशाचे बारीक तुकडे गिळतात. स्पेन आणि मेक्सिकोत शिकाऱ्यांच्या छऱ्यांमुळे फ्लेमिंगो शिशाच्या विषबाधेने मेल्याच्या नोंदी आहेत. लोखंडी नट बांधला तरी काम होतं.

गळाला पक्षी लागला तर घाबरून तंगूस तोडू नये. गळासह उडालेला पक्षी पहिल्याच झाडावर लटकतो. हळूहळू ओढून घ्यावं, डोक्यावर टॉवेल टाकावा (अंधार झाला की पक्षी शांत होतो), आणि बगळा असेल तर आधी चोच धरावी, कारण तो थेट डोळ्यावर मारतो. गळ मागे ओढायचा नाही. टोक पुढे काढून दात कापायचा आणि मग उरलेला भाग मागे घ्यायचा. खोल रुतला असेल तर हात लावू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

माशांबद्दल दोन शब्द. शिंगाळ्याच्या पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे करवतीसारखे असतात आणि त्यांत विष असतं. तो मासा मुठीत धरायचा नाही. ओल्या फडक्याने पकडून पक्कडीने गळ काढायचा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा, मग डॉक्टरकडे जावं. पोटाखाली अंडी धरलेली चिंबोरी सोडून द्यावी. कालवं आणि शिवल्या या खाडीतल्या खाऊ नयेत असं आम्ही स्पष्टच म्हणू: ते प्राणी पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यात शहराचं सांडपाणी व कारखान्यांचे धातू मिसळलेले आहेत. १ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक नौकांना असते. बिनइंजिनाच्या होडीने पारंपरिक मासेमारी करणाऱ्याला त्या काळात खाडीत पाहून कोणी तक्रार करू नये.

कांदळवनाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिवर वाढले की सगळं चांगलं, असं सरसकट नाही. गाळ साचून खाडी उथळ होते, उघड्या चिखलावर तिवराची रोपं धरतात, आणि जिथे रोहित चरत होते तिथे काही वर्षांत झाडी होते. फ्लेमिंगोला झाडी नको, उघडा ओला चिखल हवा. म्हणून उत्साहाने चिखलपट्ट्यावर रोपं लावायला येणाऱ्या संस्थांनी आधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारावं. मोडलेल्या कांदळवनात लावा, मोकळ्या चिखलात नको.

शेवटी आपल्याकडे मागणी. आपल्या दैनिकात सूर्योदय-सूर्यास्त रोज छापतात. त्याशेजारी दोन्ही भरत्या आणि दोन्ही ओहोट्यांच्या वेळा, मीटरमधल्या उंचीसह, वर्षभर रोज छापाव्यात. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या इशाऱ्यापुरत्या नकोत. ओहोटीची उंची विशेष हवी, ती कधीच छापली जात नाही. नोव्हेंबर ते मे या काळात शुक्रवारच्या अंकात शनिवार-रविवारचं पाणी द्यावं, म्हणजे सहल ठरवणाऱ्याला एक दिवस आधी कळेल. वन विभागाने ऐरोलीच्या आणि भांडुपच्या वाटांवर मराठीत एक फलक लावावा: अभयारण्याची हद्द दाखवणारा नकाशा, गळ टाकण्यास मनाई असल्याची स्पष्ट ओळ, आणि त्या दिवशीचं पाणी खडूने लिहायला मोकळी जागा. धक्क्यांवर तुटका तंगूस टाकायला झाकणाचा एकेक उभा नळा बसवला तर त्याचा खर्च अगदी किरकोळ आहे. पाण्याची वेळ लिहायचं काम कोळीवाड्यातल्या कोणाकडे द्यावं. त्यांना ती न बघताही सांगता येते.

आपले,
ठाणे खाडीकाठचे काही पक्षीनिरीक्षक व मासेमार
ऐरोली